दुबईत मुलांची शाळा ठरवताना: आधी परतीचं वर्ष, मग शाळा

पुण्याहून दुबईला जायचं ठरलं तेव्हा मोठा चौथीत होता आणि धाकटी सीनियर केजीत. सगळ्यांनी एकच सल्ला दिला: चांगली शाळा बघा. पण चांगली कशासाठी, हे आधी ठरलं नाही तर शाळांची यादी नुसती लांबत जाते. ती यादी मला कमी करता आली ती एका प्रश्नामुळे. परत कधी यायचं, आणि दहावी-बारावी कुठे द्यायची? याचं उत्तर अगदी अंदाजाने दिलं तरी अभ्यासक्रमाचा निम्मा निकाल लागतो.

सीबीएसईत नववी-दहावी हा दोन वर्षांचा सलग अभ्यासक्रम मानला जातो, अकरावी-बारावीही तसाच. बोर्डाच्या परीक्षेसाठी नोंदणी नववीत आणि अकरावीत होते. थेट दहावीत किंवा बारावीत प्रवेश घ्यायचा तर पालकांच्या बदलीसारखं कारण आणि बोर्डाची परवानगी लागते. ब्रिटिश अभ्यासक्रमात इयर १० आणि ११ मिळून आयजीसीएसई, म्हणजे तिकडची दहावी, होते, त्यात अर्ध्यातून आत-बाहेर करणं त्याहून अवघड, कारण विषयांचा क्रम शाळेगणिक वेगळा असतो. म्हणजे मूल आठवीपर्यंत इकडून तिकडे जाऊ शकतं. नववीत पाय ठेवला की दोन वर्षं तिथेच.

आमचं गणित सरळ होतं: चार-पाच वर्षं राहायचं, मोठा नववीत जाईपर्यंत परतायचं. असं असेल तर भारतीय अभ्यासक्रमाची शाळा घ्यावी, यात मला शंका नाही. पैसे वाचतात हा भाग आहेच, ब्रिटिश किंवा आयबी (इंटरनॅशनल बॅकलॉरिएट) शाळांची फी सहज दुप्पट-तिप्पट असते. पण खरं कारण भाषेचं आहे, त्याकडे शेवटी येते.

मूल बारावी तिथेच करणार असेल तर मात्र पुढचं नीट बघून घ्या. परदेशी बोर्डाच्या परीक्षांना भारतात समकक्षता देण्याचं काम असोसिएशन ऑफ इंडियन युनिव्हर्सिटीज करते. आयजीसीएसईत किमान पाच विषय ए-स्टार ते सी या श्रेणींत असले तर ते दहावीच्या बरोबरीचं धरतात, आयबी डिप्लोमाला किमान २४ गुण लागतात. हे सहसा अडत नाही. अडतं ते विषयांवर. नीटसाठी फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी तिन्ही हवेत, आणि आयबी डिप्लोमाच्या नेहमीच्या चौकटीत विज्ञानाचे दोनच विषय बसतात. तिसरा घ्यायचा तर शाळेला आयबीकडून खास मंजुरी आणावी लागते. ए लेव्हलमध्ये, म्हणजे ब्रिटिश अभ्यासक्रमाच्या बारावीत, हा प्रश्न येत नाही, पण तिथे निकाल ऑगस्टच्या मध्यावर लागतो आणि तोवर आपल्याकडचे बरेच प्रवेश निम्मे उरकलेले असतात. ए लेव्हल घेणाऱ्या केंब्रिज बोर्डाची लवकरची, फेब्रुवारी-मार्चची परीक्षा भारतातल्या शाळांना मिळते, आखातातल्यांना नाही. तिसरी गोष्ट महाराष्ट्राची. वैद्यकीयच्या राज्य कोट्यात अधिवासाबरोबर दहावी-बारावी महाराष्ट्रातून केल्याची अट येते. डॉक्टर व्हायचं स्वप्न घरात असेल तर सीईटी कक्षाची त्या वर्षीची माहितीपुस्तिका आठवीतच वाचा, बारावीनंतर वाचून काही हाती लागत नाही.

आता वर्षाचं आणि वयाचं कोडं. दुबईतल्या भारतीय शाळा एप्रिलला सुरू होतात, मार्चला संपतात, जुलै-ऑगस्ट सुट्टी. ब्रिटिश, आयबी, अमेरिकन शाळा ऑगस्टच्या शेवटी सुरू होतात. आपल्याकडे राज्य मंडळाचं वर्ष जूनमध्ये सुरू होतं. त्यामुळे एप्रिल-मेमध्ये चौथी संपवून निघालेलं मूल दुबईतल्या पाचवीत पोचतं तेव्हा तिथे पहिलं सत्र अर्धं सरलेलं असतं. यात घाबरण्यासारखं काही नाही, पण अरबीची अक्षरओळख तोवर पुढे गेलेली असते. ब्रिटिश शाळांत इयर म्हणजे आपल्या इयत्तेत एक मिळवायचा: पाचवी म्हणजे इयर ६.

लहान मुलांच्या बाबतीत तारखेने खरा घोटाळा होतो. महाराष्ट्रात पहिलीसाठी ३१ डिसेंबरपर्यंत सहा वर्षं पूर्ण लागतात. दुबईत एप्रिलला सुरू होणाऱ्या शाळांसाठी ही तारीख ३१ मार्च आहे. सप्टेंबर २०२० चा जन्म घ्या. हे मूल पुण्यात जून २०२६ मध्ये पहिलीत बसतं. दुबईच्या भारतीय शाळेत ३१ मार्च २०२६ ला ते साडेपाच वर्षांचं, म्हणून केजी २, म्हणजे आपली सीनियर केजी. पहिली थेट एप्रिल २०२७ मध्ये. ऑगस्टला सुरू होणाऱ्या शाळांची तारीख पूर्वी ३१ ऑगस्ट होती, २०२६-२७ पासून ती ३१ डिसेंबर केली आहे, त्यामुळे तिथे हेच मूल पहिलीत, म्हणजे इयर २ मध्ये बसतं. एप्रिल ते डिसेंबरदरम्यान जन्मलेल्या मुलांच्या पालकांनी हा हिशोब कागदावर मांडूनच शाळेला फोन करावा. वर्ष मागे गेलं म्हणून हळहळणाऱ्यांना माझं एवढंच सांगणं आहे की केजीत मागे राहिलेलं वर्ष कोणी मोजत नाही, नववीत गेलेलं मोजतात.

यादी करताना मी नकाशा उघडला. शाळा कुठे आणि घर कुठे, यावर मुलाचे रोजचे दोन तास ठरतात. भाडं कमी म्हणून शारजात घर आणि शाळा दुबईत, असं बरेच जण करतात. सकाळी सहाला बस दारात येते आणि दुपारची वाहतूक संपता संपत नाही. शिवाय शारजातल्या शाळांचा नियामक वेगळा, अबूधाबीचा वेगळा. दुबईत तो केएचडीए, पुढचं सगळं त्याच्या नियमांप्रमाणे आहे. शाळेकडून बसचा मार्ग मागताना ‘तुमच्या भागात बस येते’ एवढ्यावर थांबू नका. आपला थांबा कितवा ते विचारा. पहिला थांबा असेल तर पाऊण तास जास्त.

केएचडीए शाळांची तपासणी करून अहवाल जाहीर करते. श्रेणी पाच-सहाच: आउटस्टँडिंग, व्हेरी गुड, गुड, ॲक्सेप्टेबल, वीक आणि अगदी तळाला व्हेरी वीक. फलकावर श्रेणी झळकत असते, पण ती संपूर्ण शाळेची. आपल्याला हवी असते ती आपल्या मुलाच्या टप्प्याची. अहवालात केजी, प्राथमिक, माध्यमिक, उच्च माध्यमिक अशा रकान्यांत इंग्रजी, गणित, विज्ञान, अरबी वेगवेगळं दिलेलं असतं. एकूण गुड असलेल्या शाळेत प्राथमिकचं गणित व्हेरी गुड आणि केजीचं इंग्रजी ॲक्सेप्टेबल असू शकतं. मी दोन मुलांसाठी दोन वेगळे रकाने वाचले आणि एक नावाजलेली शाळा तिथेच गळली.

त्याहून उपयोगी आकडे पहिल्या पानांवर असतात आणि लोक ते ओलांडून जातात: एका शिक्षकामागे किती मुलं, आणि वर्षभरात किती टक्के शिक्षक सोडून गेले. शिक्षक दर वर्षी बदलणाऱ्या शाळेत कितीही छान प्रयोगशाळा असो, लहान मुलाला दर वर्षी नवी बाई. अहवालाची तारीखही बघा. २०२४-२५ मध्ये नेहमीच्या पूर्ण तपासण्या झाल्या नाहीत, त्यामुळे प्रवेशाच्या खोलीत टांगलेली श्रेणी जुनी असू शकते. मधल्या काळात मुख्याध्यापक बदलले असतील तर त्या श्रेणीचा अर्धाच आधार घ्यावा.

शाळा बघायला गेलात की पोहण्याचा तलाव दाखवतात. बघावा, छान असतो. मग आपल्या इयत्तेतल्या कोणत्याही मुलाच्या दोन वह्या मागाव्यात, एक गणिताची, एक इंग्रजीची. तारखा बघायच्या: आठवड्यात किती लिहिलं आहे. लाल पेनाने नुसती बरोबरची खूण आहे की चूक कुठे ते दाखवलं आहे? आणि दाखवलेली चूक मुलाने खाली सुधारून लिहिली आहे का? एका शाळेत मला छापील कार्यपत्रकं चिकटवलेली वही मिळाली, मुलाचं अक्षर पानात दोन ओळी. तिथे पुढे काही विचारायची गरज उरली नाही. पाचवीच्या पुढच्या मुलांसाठी आणखी एक विचारा: काही भारतीय शाळांत मुलं आणि मुली वेगवेगळ्या विभागांत बसतात.

प्रवेश चाचणीचं फार दडपण घेऊ नये. भारतीय शाळांत इंग्रजी-गणिताचा तासाभराचा पेपर असतो. ब्रिटिश शाळा बहुधा सीएटी४ घेतात. तिचे चार भाग: शब्दांवरचे, आकड्यांवरचे, आकृत्यांवरचे आणि अवकाशीय कल्पनेचे प्रश्न. सेमी-इंग्लिशमधून आलेल्या मुलाचा पहिला भाग खाली येतो आणि सरासरी घसरते. सरासरीवर नकार आला तर चारही आकडे मागा. आकृत्यांचा भाग वर आणि शब्दांचा खाली असेल तर ती अडचण इंग्रजीच्या सवयीची असते, आणि हे स्वतःहून मांडलं की पुष्कळदा शाळा इंग्रजीच्या जादा मदतीच्या अटीवर जागा देते.

पैशांचं. प्रत्येक शाळेचा मंजूर फीचा तक्ता केएचडीएकडे असतो, शाळेने दिलेला कागद त्याच्याशी ताडून बघावा. अर्जाचे जास्तीत जास्त ५०० दिरहम, जागा पक्की करायला नव्या मुलासाठी वार्षिक फीच्या १० टक्क्यांपर्यंत, जुन्यासाठी ५ टक्के. ही रक्कम पुढे फीत वळती होते, पण जागा सोडली तर सहसा परत मिळत नाही. म्हणून तीन शाळांत जागा धरून ठेवू नका. फी २४,००० दिरहम धरली तर एका मुलामागे २,४०० असे अडकतात. बस, गणवेश, पुस्तकं, सहली वेगळ्या, आणि बस ही यातली सगळ्यात मोठी. कंपनी शिक्षण भत्ता देत असेल तर चार गोष्टी लेखी घ्या: मुलामागे मर्यादा किती, किती मुलांना, केजी धरतात का, आणि बसचे पैसे त्यात येतात का. भत्ता बहुतेक ठिकाणी पावती दिल्यावर मिळतो. पहिल्या सत्राचे पैसे आपल्याच खिशातून जातात, ते घरभाड्याच्या चेकांबरोबर एकाच महिन्यात.

आणि आता ज्याने आमचे पाच आठवडे खाल्ले तो कागद: शाळा सोडल्याचा दाखला. दुबईची शाळा त्याला टीसी म्हणते, आपल्याकडे एलसी. केजीला ही कटकट नसते, वरच्या वर्गांना असते. भारतातून आणलेला दाखला साक्षांकित लागतो आणि संयुक्त अरब अमिरात ॲपोस्टिल (परदेशी कागदांसाठीचा परराष्ट्र मंत्रालयाचा एकच शिक्का) मानत नाही. त्यामुळे ‘ॲपोस्टिल करून देतो’ म्हणणाऱ्या एजंटाला पैसे दिले तर ते वाया. साखळी अशी: मुख्याध्यापकांची सही, त्यावर जिल्हा परिषदेच्या शिक्षणाधिकाऱ्यांची प्रतिस्वाक्षरी (प्राथमिकला प्राथमिकचे, माध्यमिकला माध्यमिकचे, मुंबईत शिक्षण निरीक्षक), मग राज्य शासन, मग परराष्ट्र मंत्रालय, मग अमिरातीचा वाणिज्य दूतावास. एक पायरी चुकली की पुढची खिडकी कागद परत करते.

दाखला घेताना शाळेच्या कार्यालयातच उभं राहून वाचा. इंग्रजीतला मागा. मुलाचं नाव पासपोर्टप्रमाणे आहे का? आपल्याकडे आडनाव आधी लिहायची पद्धत, पासपोर्टवर ते शेवटी. वडिलांचं नाव मध्ये आहे की नाही, ‘राव’ जोडलेलं की तुटलेलं, हे सगळं जुळायला हवं. कोणती इयत्ता उत्तीर्ण आणि पुढच्या कोणत्या वर्गात बढती, हे स्पष्ट शब्दांत लिहिलेलं हवं. आमच्या पहिल्या दाखल्यावर नुसतं ‘इयत्ता चौथी’ होतं. चौथी पूर्ण की चौथीत शिकत होता? दुबईच्या शाळेने तो तसाच परत केला. अधिकाऱ्यांच्या सहीखाली नाव, पद आणि गोल शिक्का, तिन्ही स्पष्ट उमटलेले हवेत, कारण पुढची कचेरी ती सही आपल्याकडच्या नमुन्याशी ताडते.

क्रमही महत्त्वाचा. दाखला काढला की इथली जागा गेली, आणि दाखल्याशिवाय तिथली पक्की होत नाही. म्हणून आधी गेल्या दोन वर्षांच्या प्रगतिपुस्तकांवर तिथून जागेचं पत्र घ्यायचं, मगच इथे अर्ज द्यायचा. बाकी कागद साधे: पासपोर्ट, व्हिसा, एमिरेट्स आयडी, जन्मदाखला, लसीकरणाची नोंद, फोटो. शेवटी केएचडीएचा पालक-शाळा करार ऑनलाइन सही करायचा असतो. तो वीस मिनिटं काढून वाचा, मधूनच शाळा सोडली तर किती फी कापणार ते त्यातच असतं.

भाषेचं राहिलं. अमिरातीत खासगी शाळांतही अरबी सक्तीचं आहे, आपल्या मुलांना नववीपर्यंत. भारतीय शाळेत त्याच्या जोडीला हिंदी असते, ब्रिटिश शाळेत बहुधा फ्रेंच. फरक इथे पडतो. महाराष्ट्रात २०२० च्या कायद्याने सगळ्या बोर्डांच्या शाळांत मराठी शिकवणं सक्तीचं झालं आहे. हिंदी शिकलेलं मूल सातवीत परत आलं तर देवनागरी त्याच्या हातात असते, ळ आणि ऱ्य शिकवले की गाडी चालू लागते. फ्रेंच शिकलेलं मूल घरात अस्खलित मराठी बोलत असलं तरी पाटीवरचं नाव वाचायला अडखळतं. बालभारतीची पुस्तकं संकेतस्थळावर पीडीएफमध्ये फुकट मिळतात. आम्ही इयत्तेप्रमाणे न जाता मोठ्यालाही दुसरीचंच पुस्तक छापून दिलं, शुक्रवारी शाळा अर्धा दिवस असते तेव्हा एक धडा.