पावसात मी घोडा का लावत नाही

जुलै उजाडला की हा प्रश्न येतोच. "ट्रॅक तुला कळतो, वही ठेवतोस, वडील सईस, म्हणजे घोड्यांची निगा राखणारे, होते. मग पाऊस पडला की रेसच्या तिकीट खिडकीकडे फिरकत का नाहीस? भाव तर तेव्हाच मिळतो." परवा पुण्यात रेसकोर्सजवळच्या एम्प्रेस गार्डनपाशी तिघांनी गाठून पुन्हा हेच विचारलं आणि माझ्या तोंडून नेहमीचंच अर्धवट उत्तर गेलं. तुम्ही विचारलंत म्हणून एकदाच पुरतं सांगतो.

रेसच्या पैजेवरच्या जीएसटीचं कारण नाही. तो 2017 मध्ये 28 टक्क्यांनी आला, सप्टेंबर 2025 मध्ये 40 टक्के झाला. ओल्या दिवशी तिकीट घेणं मी त्याच्या कितीतरी आधी थांबवलं. आणि रेस म्हणजे निव्वळ नशीब, असंही मी कधी मानलं नाही.

माझं नेहमीचं उत्तर असतं, "ओली जमीन वाचता येत नाही." हे खोटं नाही. ट्रॅक किती मऊ ते पेनेट्रोमीटरने मोजतात. पेनेट्रोमीटर म्हणजे काय, तर एक किलोचं वजन एक मीटरवरून तीनदा सळईवर सोडायचं आणि सळई जमिनीत किती सेंटीमीटर शिरली ते मोजायचं. तीनच्या आसपास आकडा आला तर जमीन बरी, चारच्या पुढे गेला तर मऊ. ट्रॅकभर ठिकठिकाणी मोजून सरासरी काढतात. पण रेस सरासरीवर पळत नाही. रेलिंगच्या कडेची माती आधीच्या शर्यतींनी उखडलेली असते, मधला पट्टा शाबूत असतो, आणि स्ट्रेटला, म्हणजे शेवटच्या सरळ पट्ट्यावर, जॉकी घोडा बाहेर काढतो तो तेवढ्यासाठीच.

त्याहून मोठी गोष्ट मला अण्णांनी, म्हणजे वडिलांनी, शिकवली. पाऊस पडत असताना जमीन पातळ असते, खूर शिरतो आणि निघतो. पाऊस थांबून ऊन पडलं की तीच माती चिकट होते, खूर धरून ठेवते. आकडा दोन्ही वेळा जवळपास सारखाच येऊ शकतो. पहिल्या जमिनीवर सुटलेला घोडा दुसरीवर शेवटच्या दोनशे मीटरला उभा राहतो. सकाळचं वर्क, म्हणजे सराव, पाहून काही कळेल म्हणावं, तर ते बहुतेक वाळूवर होतं आणि शर्यत गवतावर. म्हणून घोड्याकडेच पाहायचं. खूर ताटासारखा पसरट आहे की वाटीसारखा, गुडघ्याची उचल उंच आहे की पाय जमिनीलगत सरकतात, पाठीवर वजन किती. कोरड्या जमिनीवर सरकत्या पायाचा घोडा झकास दिसतो, चिखलात तोच अडकतो.

म्हणजे वाचता येतं. "वाचता येत नाही" हे सोयीचं उत्तर आहे, हे मला ठाऊक आहे.

पंधराएक वर्षांपूर्वीचा सप्टेंबर. चार दिवस धो धो पाऊस, शनिवारी रात्री थांबला. अण्णांच्या हाताखाली तेव्हा एक पाच वर्षांची घोडी होती. कार्डावरचं, म्हणजे शर्यतींच्या पत्रकातलं, नाव सांगत नाही. अण्णा तिला बाय म्हणायचे. रविवारी 1400 मीटरला तिचं नाव होतं. शनिवारी रात्री जेवताना अण्णा म्हणाले, "उद्या ऊन पडलं तर बायला पळवू नये. जमीन धरणार." ते ट्रेनरला सांगण्याची सईसाची ऐपत नव्हती, म्हणून मला सांगितलं असावं.

मी वही काढली. आधीच्या दोन ओल्या दिवशी ती दुसरी आणि तिसरी आली होती. पसरट खूर, उंच उचल, पाठीवर 51 किलो. फेव्हरेटवर, म्हणजे ज्याच्यावर सगळ्यांचा भरवसा त्या घोड्यावर, 60 किलो, आणि तो पुढे पळून दमणारा. मी म्हटलं, "अण्णा, उद्याची जमीन तिचीच आहे." ते म्हणाले, "जिंकेल कोण, ते मी बोलत नाहीये." मला वाटलं विषय तोच आहे. मला वयाच्या पस्तिशीत तेवढंही कळलं नाही.

रविवारी ऊन पडलं. मी तिच्या विनवर, म्हणजे ती पहिली येण्यावर, 2000 रुपये लावले. वळण संपलं आणि जॉकीने तिला पार बाहेर काढलं, शाबूत गवतावर. फेव्हरेट रेलिंगला धरून होता, त्याचे पाय जड पडायला लागले. शंभर मीटर राहिले तेव्हा ती त्याच्या बरोबरीला आली आणि पाऊण लेंग्थने, म्हणजे घोड्याच्या पाऊण लांबीने, जिंकली. माझ्या वहीतली ओळ न् ओळ जशीच्या तशी घडली. इतकं बरोबर मी आधी कधी आलो नव्हतो, नंतरही नाही.

विनिंग पोस्ट, म्हणजे शेवटचा खांब, ओलांडल्यावर जॉकी वेग कमी करत होता. पुढच्या वळणापाशी तिची मान खालीवर व्हायला लागली. पुढचा डावा पाय टेकला की मान वर जायची. जॉकीने उडी मारली. अण्णा हातात लीडची दोरी घेऊन रेलिंगपाशी उभे होते, ते तसेच पळत गेले. वयाच्या साठीला त्या चिखलात पळाले.

हे सगळं मला दुर्बिणीतून दिसत होतं. मी दुर्बीण खाली ठेवली आणि खिडकीकडे गेलो. दहा रुपयांना चौसष्ट निघाले. 12,800 रुपये मोजून घेतले, पुन्हा मोजले. हा भाग मी आजवर कुणाला सांगितला नव्हता. तुम्ही विचारायचात आणि मी पेनेट्रोमीटर सांगायचो.

संध्याकाळी तबेल्यात गेलो. टेंडन, म्हणजे पायामागची कंडरा, गेलं होतं; नडगीच्या हाडाच्या, नळीच्या, मागे धनुष्यासारखी सूज. अण्णा उकिडवे बसून पायावर गार पाण्याची धार धरत होते, ती मधूनच त्यांच्या खांद्यावर नाक टेकवत होती. बराच वेळ कुणी बोललं नाही. मग ते म्हणाले, "वहीत काय लिहिलं होतंस?" मी वाचून दाखवलं. खूर, उचल, वजन, रेलिंग. ते म्हणाले, "सगळं बरोबर आहे." पाइपवरचा हात त्यांनी बदलला. मी घरी आलो.

बाय पुन्हा पळली नाही, स्टड फार्मला, पैदाशीसाठी, गेली. त्या दिवसापासून ओल्या दिवशी मी तिकीट घेतलेलं नाही.

आता तुमचं म्हणणं मला पाठ आहे, कारण मी स्वतःशी तेच भांडलो आहे. माझ्या 2000 रुपयांनी तिचा पाय गेला का? नाही. मी घरी बसलो असतो तरी ती पळालीच असती. ट्रेनरचं चुकलं का? हँडिकॅप, म्हणजे घोड्यांना ठरवून दिलेलं वजन, तिच्या बाजूने होता, सीझन संपत आला होता, आधीच्या दोन ओल्या शर्यतींतून ती धडधाकट परतली होती. त्याच्या जागी मी असतो तर मीही पळवलं असतं. वहीत तेच तर होतं.

आणि कडक जमीन काय दयाळू असते का? एप्रिलमध्ये मुंबईचा महालक्ष्मी ट्रॅक पाणी मारूनही तापतो. तिथे हाडाला आणि सांध्याला हादरा बसतो. मऊ माती हाड सांभाळते, पण दमलेल्या घोड्याचं टेंडन ओढते. दोन्हीकडे काहीतरी जातंच. एप्रिलमध्ये मी तिकीट घेतो, सप्टेंबरात घेत नाही, याचं पटेल असं उत्तर माझ्याकडे नाही. माझ्यातला तेव्हाचा तो तरुण वहीवाला मला म्हणतो, "तू फक्त जिथे पाहिलंस तिथे थांबलास." खरं आहे. मी त्याला म्हणतो, "तू पाहून खिडकीवर गेलास." हेही खरं आहे.

काही जण 2021 च्या आर्क या फ्रान्समधल्या मोठ्या शर्यतीचं उदाहरण देतात. पॅरिसला मुसळधार पाऊस, आणि टोर्क्वाटोर टासो हा घोडा एकाला बहात्तरच्या भावाने जिंकला. "हे तुझ्यासारख्याने पकडायला हवं होतं." कदाचित पकडलंही असतं. जमिनीत भाव दडलेला असतो, हे मी नाकारत नाही. उलट कळकळीने सांगतो, पावसात खेळणार असाल तर आकड्यावर जाऊ नका. पाऊस कधी थांबला ते पाहा, पॅडॉकमध्ये, म्हणजे शर्यतीआधी घोडे फिरवतात तिथे, खूर पाहा, पहिल्या दोन शर्यतींत जॉकी घोडे कुठून आणतात ते पाहा. मग तिकीट घ्या. मी अडवणार नाही.

वही अजून ठेवतो. त्यात एक रकाना वाढला आहे. रेसच्या दिवशी पळालेल्यांपैकी पुढच्या महिन्याभरात कोण कार्डावर परतलं नाही, ते मी तिथे लिहितो. एका पानावर ओले दिवस, समोरच्या पानावर कडक. न परतण्याची कारणं शंभर असतात, तरी लिहितो. दोन्ही पानांवरचे आकडे आतापर्यंत जवळपास सारखे आहेत. गेल्या दोन वर्षांत तर कडक पानावरचे जास्त भरले.