हिरव्या रंगाने पोखरलेले पान

कल्पसूत्राची, म्हणजे महावीरादी तीर्थंकरांची चरित्रे सांगणाऱ्या जैन ग्रंथाची, ती सचित्र कागदी पोथी एका जैन कुटुंबाच्या संग्रहातून आमच्या संवर्धन प्रयोगशाळेत आली, तेव्हा पर्युषण या जैन पर्वातील वाचनासाठी ती पुन्हा हाताळता यावी, एवढीच घरच्यांची अपेक्षा होती. पुष्पिकेचे, म्हणजे लेखनाचा काळ व स्थळ सांगणाऱ्या शेवटच्या नोंदीचे, पान हरवलेले असल्यामुळे काळ शैलीवरूनच ठरवावा लागला. चेहऱ्याच्या रेषेबाहेर आलेला दुसरा डोळा, टोकदार नाक आणि तांबड्या पार्श्वभूमीची जागा घेणारा लाजवर्दी निळा रंग पाहून मी ती पंधराव्या शतकातील मानली. मांडूचे १४३९चे आणि जौनपूरचे १४६५चे कल्पसूत्र याच शतकातील; दोन्हीकडे राज्य सुलतानांचे असले, तरी श्रावक, म्हणजे जैन गृहस्थ, पुण्यार्जनासाठी पोथ्या लिहवून घेतच होते. पानाच्या मध्यभागी दोरीच्या भोकाची खूण होती, पण ती ताडपत्राच्या काळची निव्वळ सवय. या कागदात दोरी कधी ओवलीच नव्हती.

हरिणैगमेषी हा देव ब्राह्मणी देवानंदेच्या पोटातील महावीरांचा गर्भ राणी त्रिशलेकडे नेतो, त्या प्रसंगाचे पान प्रकाशफलकावर ठेवले आणि मी थबकले. तांब्यापासून केलेल्या हिरव्या रंगाने कागद मागपर्यंत करपवला होता, आणि देवाच्या उपरण्याचा संपूर्ण आकार बारीक भेगांतून उजळून दिसत होता. खालून आलेल्या त्याच प्रकाशात चित्राच्या चौकटीखाली गेलेले अक्षरांचे शेपटेही दिसले. म्हणजे लेखनिकाने आधी मजकूर लिहून जागा सोडली होती आणि चित्रकार नंतर बसला होता. समासात चित्रविषयाची बारीक सूचना होती, तर एका ओळीत चुकलेल्या अक्षरांवर हरताळ हा पिवळा रंग लावून त्यावर दुरुस्ती केलेली होती.

दुपारी घरातील ज्येष्ठ गृहस्थ आले. “ताई, हिरवा तेवढा भरून द्या,” असे ते म्हणाले. नवा रंग भरला असता, तर जुन्या हाताचा हा सगळा पुरावा झाकला गेला असता, म्हणून मी नकार दिला. पाण्यामुळे तांब्याचा अंश आणखी पसरण्याचा धोका असल्याने नेहमीची गव्हाची खळही टाळली आणि अल्कोहोलमध्ये विरघळणारा सेल्युलोजचा डिंक वापरून भेगांमागे पातळ जपानी कागद लावला. काम पाहून त्यांनी स्वतःच ठरवले की वाचन छापील प्रतीवरून होईल आणि ही पोथी ज्ञानपंचमीलाच, म्हणजे ग्रंथपूजेच्या जैन सणालाच, दर्शनासाठी बाहेर काढली जाईल. त्या दिवशीही तिची पाने उलटायची नाहीत, एवढी एक अट मी घातली आणि ती त्यांनी मान्य केली.