टिनं उडाली, पंचनाम्यात काय येते?

यावेळचं वावधन, म्हणजे वादळी वारा, एकट्या आमच्या गावाचं नव्हतं. इकडे मोर्शी पट्ट्यात संत्रा झडला, मामाकडे अकोट भागात केळी आडवी झाली, बहिणीच्या सासरी हिंगणघाटजवळ भलं मोठं निंबाचं झाड विजेच्या डीपीवर (ट्रान्सफॉर्मरवर) पडलं अन् गावभर अंधार. यवतमाळकडच्या मित्राचा तर फोनच लागेना, टॉवर बंद.

उन्हाळ्यात आपल्याकडे विदर्भात पारा 44-45 ला टेकते, त्यात बंगालच्या उपसागराकडून बाष्प आलं की दुपारनंतर ढग उंच चढत जाते अन् मग त्यातली थंड हवा पावसासोबत एकदम खाली येते, जमिनीवर आपटून चारी बाजूंनी पसरते. म्हणून आधी धुराळा, मग वारा, अन् पाण्याचे थेंब सगळ्यात शेवटी. पाऊस सुरू होईपर्यंत जे व्हायचं ते होऊन गेलेलं राहते.

आमच्या गावात सगळ्यात जास्त मार बसला तो टिनाच्या घरांना. मातीच्या नाही तर विटांच्या भिंती, वर टिनं, टिनांवर दगडं. वारा वळचणीतून आत शिरला की टिन खालून उचलते, दगडं घरात नाही तर शेजाऱ्याच्या अंगणात पडतात अन् टिन उडत जाऊन कुठंही लागते. शेजारच्या काकूच्या घरची टिनं पार शाळेमागं सापडली, घरातली तूर, चणा, कपडे, पोरीची पुस्तकं सगळं भिजलं. गोठ्याचं तेच, कुटार (ढोरांचा भुसा) अर्धं उडालं, अर्धं ओलं झालं, आता पावसाळ्यापर्यंत ढोरांना काय टाकायचं?

अन् लाईट नाही म्हणजे नुसता अंधार नाही न भाऊ. बोअर बंद म्हणजे पाणी बंद, चक्की बंद म्हणजे दळण बंद, मे महिन्यात म्हाताऱ्या माणसांना रात्र काढणं कठीण.

संत्र्याचं दुःख वेगळंच आहे. आंबिया बहाराची, म्हणजे जानेवारी-फेब्रुवारीतल्या फुलांची, फळं आता कुठं लिंबाएवढी झालेली, ती खाली पडली की हिरवी फळं कोण घेते? चार दिवसांत वाळून जातात. पंचनाम्यात नुकसान 33 टक्क्यांच्या वर दिसलं तर मदत, अन् तलाठी येईपर्यंत झाडाखाली काही दिसतच नाही. म्हणून सांगतो, त्याच दिवशी मोबाईलनं फोटो काढून ठेवा, झाडासकट, वावर ओळखू येईल असे. विम्याचं तर अजून अवघड, तो महसूल मंडळाच्या हवामान केंद्राच्या नोंदीवर ठरते, अन् ते केंद्र दुसऱ्या गावात अन् वावधन आमच्या शिवारातून गेलं तर त्या यंत्रात ते येईलच कसं? वारा काही मंडळाची हद्द पाहून वाहत नाही.

घराची अंशतः पडझड झाली तर केंद्राच्या निकषाप्रमाणे कच्च्या घराला 4,000 रुपये, तेही किमान 15 टक्के नुकसान असेल तर. एवढ्यात चार टिनं येतील, मिस्त्रीची मजुरी कुठून द्यायची, अन् भिजलेल्या दाण्याचं काय?

पण जीव गेला तर कोणताच निकष कामाचा नाही. 9 एप्रिल 2023 च्या रात्री अकोला जिल्ह्यातल्या पारसला वादळी पावसात जुनं निंबाचं झाड मंदिराजवळच्या टिनाच्या शेडवर कोसळलं, आसऱ्याला थांबलेले 7 जण गेले. तेव्हापासून मला टिनाच्या शेडमध्ये थांबलेली माणसं दिसली की पोटात गोळाच येते. वारा सुटला की झाडाखाली अन् झाडाखालच्या शेडमध्ये थांबूच नका, पक्क्या स्लॅबचं घर गाठा. विजांचा इशारा मिळावा म्हणून दामिनी ॲप घरातल्या एका तरी मोबाईलमध्ये पाहिजेच.

अन् ग्रामपंचायतीला माझं म्हणणं आहे, टिनावर दगडं ठेवायची पद्धत बंद करायला लोकांना मदत करा. पाईप भिंतीत पक्का बसवून J आकाराच्या हूकनं टिन आवळलं तर ते सहजासहजी उचलत नाही, गरिबाला तेवढा खर्चही जमत नाही म्हणून तो दगड ठेवते. आता मृग तोंडावर आला. पंचनामे होत राहतील, ज्यांच्या डोक्यावर छप्पर नाही त्यांना आधी ताडपत्री द्या.