तुम्ही विचारलंत म्हणून : फोटो असताना रणगाडा बघायला कशाला जायचं?

"बोटभर रणगाडा रंगवायचा, आणि त्यासाठी खरा रणगाडा बघायला संग्रहालयात? मोबाइलवर हजार फोटो आहेत की!"

हा प्रश्न मला इतक्यांदा विचारला गेलाय की एकदाच सविस्तर लिहून टाकतो. विचारणारे दोन जातीचे असतात. एक, ज्यांना हा छंदच माहीत नाही. त्यांच्यासाठी थोडक्यात : टेबलावर युद्ध खेळायचं, फासे टाकायचे, पट्टीने अंतरं मोजायची आणि सैन्य स्वतः रंगवायचं. माझं सैन्य दुसऱ्या महायुद्धातलं, १/५६ प्रमाणातलं. म्हणजे टायगर या खऱ्या जर्मन रणगाड्याचा सांगाडा तोफेची नळी सोडून साधारण सहा मीटर तीस सेंटिमीटर लांब असेल, तर माझा सव्वाअकरा सेंटिमीटर. दुसरी जात छंदातल्याच लोकांची. त्यांना वाटतं, मी तिथे जाऊन नेमकी शेड टिपून आणतो. त्यांचाच अपेक्षाभंग जास्त होतो, कारण रंग बघायला मी जातच नाही.

पहिल्यांदा गेलो तेव्हा रंगासाठीच गेलो होतो, हे कबूल करतो. एका जर्मन रणगाड्यासमोर अर्धा तास उभा राहिलो, चाळीसेक फोटो काढले, घरी येऊन दोन रात्री बाटल्यांतले रंग थेंबाथेंबाने मिसळले आणि फोटोबरहुकूम तीन गाड्या रंगवल्या. सकाळी उन्हात धरल्या, तर तिघींना कावीळ झालेली. दालनातले दिवे पिवळे होते, मोबाइलने त्यात स्वतःच्या मनाची भर घातली होती, आणि मी ते सगळं इमानाने उतरवून काढलं होतं. पुढच्या खेपेला तिथल्या एका स्वयंसेवक आजोबांना हे सांगितलं, तर ते पोट धरून हसले. "अहो, तो रंग आम्हीच मारलाय. त्याच्या आतही आमचेच चार थर आहेत."

संग्रहालयातला रणगाडा म्हणजे पुन्हा पुन्हा रंगवलेली वस्तू. जाड, किंचित चकचकीत थर असतो, वेल्डचे सांधे त्यात बुडालेले असतात, आणि आकडे-निशाण्या कधी अभ्यासाने काढलेल्या असतात, कधी कुणाच्या तरी आठवणीवर. एक उदाहरण छंदातल्या जुन्या लोकांना दुखरंच आहे. १९४०-४१ मध्ये उत्तर आफ्रिकेच्या वाळवंटात ब्रिटिश गाड्यांवर सरळ रेषांच्या, तिरप्या तुकड्यांचा एक नमुना असायचा, त्याला कॉन्टर म्हणतात. त्यातला एक तुकडा कित्येक वर्षं आकाशी निळा समजला गेला. संग्रहालयांतल्या गाड्यांवरही तो निळा दिसायचा, आणि तो पाहून जगभरच्या लोकांनी आपापली मॉडेलं निळी केली. नंतर अभ्यासकांनी जुन्या नोंदी तपासल्या, तेव्हा निळ्याच्या जागी रुपेरी राखाडी छटा निघाली. निळ्या माटिल्डा (हे त्या ब्रिटिश रणगाड्याचं नाव) अजून कपाटाकपाटांत आहेत.

बरं, मूळ रंग तरी एकच होता का? जर्मनांनी फेब्रुवारी १९४३ पासून गडद पिवळा हा मूळ रंग ठरवला. त्यावर मारायचे हिरवा आणि तपकिरी हे रंग लगदा भरलेल्या डब्यांतून तुकड्यांना मिळायचे. तो लगदा पातळ करायला कधी पाणी, कधी पेट्रोल. मारायला फवारा असला तर फवारा, नाहीतर ब्रश. एकाने पातळ केला, दुसऱ्याने घट्ट ठेवला, तिसऱ्याचं पेट्रोल संपलं होतं. एकाच तुकडीतल्या दोन गाड्या एकसारख्या दिसण्याची शक्यता तिथेच संपली. त्यामुळे "बरोबर शेड कोणती" या वादात मी आता पडत नाही. बाटलीवर जे नाव असतं ते दुकानदाराच्या सोयीसाठी असतं.

मग जातो कशाला? पहिलं कारण सगळ्यात साधं : लांबून बघायला.

हिशेब करून बघा. टेबलावरचा रणगाडा आपण साधारण साठ सेंटिमीटरवरून बघतो. १/५६ प्रमाणात त्याचे होतात तेहतीस-चौतीस मीटर. म्हणजे खेळताना आपल्याला मॉडेल जसं दिसतं, तसा खरा रणगाडा बघायचा तर त्याच्यापासून चौतीस मीटर लांब जायला हवं. दालनात एवढी जागा नसते, म्हणून मी बाहेर, फाटकाजवळ उघड्यावर ठेवलेली गाडी गाठतो. तिच्यापासून पावलं मोजत मागे जातो आणि वळून बघतो. (एका ठिकाणच्या पहारेकऱ्याने मला दोनदा हटकलंय. रणगाड्याकडे पाठ करून आकडे पुटपुटत चालणारा माणूस कुणालाही संशयास्पदच वाटणार.)

चौतीस मीटरवरून काय दिसतं? ओरखडे दिसत नाहीत. रिव्हेट जेमतेम दिसतात. दिसतात ते उजेडाचे तीन पट्टे. वरची सपाटी एवढी फिकी, की जणू वेगळ्याच रंगाची. बाजूचा उभा पत्रा मूळ रंगाचा. आणि खाली, चाकांच्या मागे, जवळजवळ काळोख. रंग एकच, पण ऊन त्याचे तीन करतं. आपल्या इवल्याशा मॉडेलवर खोलीतला दिवा हे करू शकत नाही. त्याचा उजेड सगळीकडून आत शिरतो. म्हणून ते काम ब्रशला करावं लागतं. काळ्या प्रायमरवर, म्हणजे पहिल्या अस्तरावर, वरून पांढरा फवारा मारायचा, वॉश, म्हणजे पाण्यासारखा पातळ गडद रंग, फक्त खोबणींत आणि खाली सोडायचा, वरच्या सपाटीला मूळ रंगात थोडा फिका मिसळायचा. हे सगळं मी ऐकून, वाचून करत होतोच. पण का करायचं ते त्या फाटकाजवळ कळलं. तोवर मी चारही बाजू सारख्याच प्रेमाने रंगवत होतो.

आणखी एक गोष्ट. आपण मॉडेल वरून बघतो, खरा रणगाडा मात्र खालून. माणूस टायगरच्या शेजारी उभा राहिला की त्याची नजर जेमतेम चाकांच्या वरच्या पत्र्यावर जाते. टेबलावर सगळ्यात जास्त दिसणारी इंजिनावरची जाळी आणि बुरुजाचं, म्हणजे तोफेच्या फिरत्या भागाचं, छप्पर संग्रहालयात दिसतच नाही. वरच्या मजल्यावर कठडा असेल तर मी आधी तिकडे धावतो. तिथून काढलेला एक वाकडातिकडा फोटो खालच्या वीस फोटोंपेक्षा कामाचा.

दुसरं कारण मला त्याच हसऱ्या आजोबांनी दिलं. ते तरुणपणी रणगाड्याचे चालक होते. मी त्यांना रंग कुठे उडतो असं विचारलं. त्यांनी उत्तर दिलं नाही. गाडीजवळ गेले आणि हवेतच चढून दाखवलं. डावा पाय चाकाच्या मधल्या तुंब्यावर, उजवा चाकांभोवतीच्या लोखंडी पट्ट्यावरच्या पत्र्यावर, हात कडीला, मग गुडघा, मग झाकणाची कड. "रोज वीस वेळा. हाच रस्ता. अंधारातसुद्धा." मग मी नीट पाहिलं. त्या रस्त्यावरच्या कडा गोलसर झाल्या होत्या, इतक्या थरांखालूनही कळत होतं. पलीकडच्या बाजूला, जिथे पाय ठेवायचं कुणाला कारणच नाही, तिथे कड धारदार होती.

त्याआधी मी स्पंजचा तुकडा तपकिरी रंगात बुडवून गाडीभर टिपत असे. गाडीला देवी आल्यासारखी दिसायची, आणि मला ती फार लढलेली वाटायची. त्यात गणितही चुकत होतं. माझ्या मॉडेलवरचा एक मिलिमीटरचा ठिपका म्हणजे खऱ्या गाडीवर साडेपाच सेंटिमीटरचा रंग उडालेला. तसे दोनशे ठिपके! आता मी मॉडेल हातात घेऊन आधी चढतो, म्हणजे बोटाने रस्ता शोधतो. चालक कुठून आत जातो, तोफगोळे कुठून आत देतात, डिझेल-पेट्रोल कुठे ओततात. तिथेच घासलेलं लोखंड, तिथेच तेलाचा काळपट ओघळ. बाकी गाडीला हात लावत नाही. माझ्या एका मित्राच्या गाड्या पार काल्पनिक आहेत, कुठल्याच युद्धातल्या नाहीत. त्यालाही हेच सांगितलं : आत बसणारा माणूस कुठून तरी चढत असेलच ना?

चाकं आणि पट्टे यांबाबत मात्र संग्रहालय फसवतं. उभ्या गाडीचे पट्टे एक तर गंजून एकसारखे तपकिरी झालेले असतात, नाहीतर काळे रंगवलेले. चालती गाडी बघायला मिळाली तर सोडू नका. पट्ट्याचा जमिनीला लागणारा भाग घासून लख्ख होतो, आतल्या बाजूला चाकं फिरतात ती वाट चमकते, पट्ट्याचे दात जिथे चाकाला घासतात तिथे नागड्या लोखंडाचं कडं उमटतं. चाकाचं रबर काळं नसतं, धुळीने राखाडी झालेलं असतं. आणि शर्मन हा अमेरिकी रणगाडा रंगवणाऱ्यांनो, तुमच्या बऱ्याच पट्ट्यांना रबरी ठोकळे आहेत. त्यांच्यावर चांदीचा ड्रायब्रश, म्हणजे जवळजवळ कोरड्या ब्रशचा हात, मारू नका. चमकतात ते दोन्ही कडांचे लोखंडी जोड.

पोत तर फोटोत येतच नाही. टी-३४ या रशियन रणगाड्याचा ओतीव बुरुज जवळून पाहिला की खरखरीत, मध्येच साच्याची शिवण फुगलेली. घाईत बनवलेला आणि त्याची लाज नसलेला. शेजारी टायगर उभा असेल तर त्याचे सपाट, जाड पत्रे एकमेकांत खाचा घालून बसवलेले. मॉडेल बनवणाऱ्या कंपन्या दोन्ही सारखेच गुळगुळीत देतात. आता मी ओतीव भागांवर प्लास्टिकचा पातळ गोंद लावतो आणि पृष्ठभाग मऊ झाला की जुन्या, केस झडलेल्या ब्रशने ठोकतो. दहा मिनिटांचं काम आहे, पण प्रायमर बसल्यावर बुरुज एकदम वजनदार वाटायला लागतो.

इंग्लंडमधल्या डॉर्सेट परगण्यात बोव्हिंग्टनला रणगाड्यांचं संग्रहालय आहे. तिथे एकदाच गेलोय. तिथला टायगर १३१ एप्रिल १९४३ मध्ये ट्युनिशियात ब्रिटिशांच्या हाती लागला, आणि तो आजही चालतो. पण मी खिळलो ते त्याच्या तोफेच्या मुळाशी. चर्चिल या ब्रिटिश रणगाड्याचा एक गोळा नळीला खालून घासत जाऊन बुरुजाच्या कड्यात अडकला, बुरुज फिरेना, आणि आतले लोक गाडी सोडून पळाले. ती खूण अजून आहे. मी मॉडेलांवर गोळ्याच्या खुणा करायचो त्या ड्रिलने पाडलेल्या गोल भोकांच्या, भोवती काजळी. इथे भोक नव्हतंच. बोटाने ओल्या मातीत ओढावी तशी एक गुळगुळीत खोबण होती. सत्तावन्न टनांचं धूड तेवढ्याशा खोबणीने थांबलं. माझ्या सैन्यात आता फक्त एका गाडीला अशी खोबण आहे, गोल सुरीने कोरलेली, आणि ती कुणाला पटकन दिसत नाही.

त्याच संग्रहालयात जगात उरलेला एकमेव मार्क १ आहे, १९१६ च्या पहिल्या रणगाड्यांपैकी. त्या गाड्यांसाठी सॉलोमन जोसेफ सॉलोमन या चित्रकाराने रंगीबेरंगी ठिगळांचा वेश आखला होता. तो लवकरच सोडून द्यावा लागला, कारण रणांगणावर पोचेपर्यंत सगळं चिखलाने माखून एकाच रंगाचं व्हायचं. नावाजलेल्या चित्रकाराची ही गत, तर माझ्या तीन थरांच्या छलावरणाचं काय घेऊन बसलात! तेव्हापासून चिखल लावायला मी कचरत नाही. फक्त एकाच तपकिरी रंगाचा लावत नाही : वाळलेला फिका, आज उडालेला गडद आणि किंचित ओला, आणि तो पट्ट्यांच्या मागच्या बाजूला जास्त.

जाताना काय न्यावं, हेही विचारता. वही आणि पेन्सिल. एक पांढरा कोरा कागद, फोटोच्या कोपऱ्यात धरायला. म्हणजे दिव्याचा पिवळेपणा नंतर कळतो आणि काढून टाकता येतो. फ्लॅश नको, पत्रा सपाट दिसतो. गाडीला हात लावू नका. आणि स्वयंसेवक आजोबा-आजी दिसले तर कॅमेरा खिशात टाका.

राहता राहिल्या त्या कावीळ झालेल्या तीन गाड्या. एकीवर नंतर पट्टे आणि चाकं कशी घासतात त्याचे प्रयोग केले, ती बरीच सुधारली. उरलेल्या दोघी अजून तितक्याच पिवळ्या आहेत आणि दर खेळात उतरतात. टेबलापलीकडून, चौतीस मीटरवरून, आजवर एकाही प्रतिस्पर्ध्याने त्यांच्या रंगाविषयी मला काही विचारलेलं नाही.