पाणी काढून टाकू का?

रविवार, रात्रीचे सव्वाअकरा, स्टॉकहोम

आज लिहायचं असं काही ठरवलं नव्हतं, पण दुपारी आमच्या ग्रुपमधल्या मास्टर्सच्या मुलीचा मेसेज आला आणि तेव्हापासून तो डोक्यातून जात नाहीये. तिचे सिम्युलेशनचे पहिले मोठे रन आता लागायचेत. तिने विचारलं, डिस्कवर जागा कमी आहे, तर ट्रॅजेक्टरी (अणू कसे कसे हलले त्याची फाइल) सेव्ह करताना पाणी काढून टाकू का? फक्त प्रोटीन आणि औषधाचा रेणू ठेवते.

मी सरळ फोनच लावला. इथे रविवारी कामासाठी कुणी कुणाला फोन करत नाही, ती बिचारी घाबरली असणार, पण मला राहवलंच नाही. म्हटलं थांब, काही काढू नकोस, आधी माझं ऐक.

ज्यांना हे काम माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते (आईला सांगते तसंच). आम्ही कॉम्प्युटरमध्ये एक छोटीशी पेटी बनवतो, तिच्यात एक प्रोटीन ठेवतो आणि उरलेली सगळी जागा पाण्याने भरतो. मग प्रत्येक अणूवर किती जोर पडतोय ते काढायचं, त्याला कणभर सरकवायचं, परत जोर काढायचा, परत सरकवायचं. एक पाऊल २ फेम्टोसेकंदांचं. एक मायक्रोसेकंद, म्हणजे सेकंदाचा दहा लाखावा भाग, बघायचा तर अशी ५० कोटी पावलं. माझ्या पीएचडीच्या पेटीत साठेक हजार अणू होते, त्यातले प्रोटीनचे जेमतेम चार हजार, बाकी जवळजवळ सगळं पाणी, साडेअठरा हजार रेणू. म्हणजे कॉम्प्युटरचा बहुतेक वेळ पाणी हलवण्यातच जातो, आणि काम झालं की संशोधनाच्या पेपरमधल्या चित्रात ते पाणी कुणी दाखवत नाही. प्रोटीन कसं रंगीत रिबिनीसारखं दिसतं आणि भोवती पांढरं कोरं.

नेदरलँड्समध्ये ग्रोनिंगेनला माझं पीएचडीचं दुसरं वर्ष होतं तेव्हाची गोष्ट. ग्रुपचा डिस्क कोटा भरत आला होता. एका मायक्रोसेकंदाची फाइल पाण्यासकट वीस-पंचवीस जीबी आणि पाणी काढलं तर दोनच्या आत, आणि मला तसे बारा रन करायचे होते. सेटिंगच्या फाइलमध्ये एक ओळ असते, काय काय लिहून ठेवायचं याची, तिथे मी फक्त प्रोटीन आणि लिगँड (म्हणजे औषधाचा रेणू) टाकलं. कुणी सांगितलं नव्हतं, माझं मीच ठरवलं होतं. सगळं छान चाललं, पेपर लिहिला, पाठवला. रिव्ह्यूअरचा प्रश्न आला तो एका वाक्याचा: लिगँडचा नायट्रोजन आणि ॲस्पार्टेट यांच्यामध्ये पाण्याचा रेणू आहे का? (ॲस्पार्टेट म्हणजे प्रोटीनमधलंच एक अमिनो आम्ल.)

ते अंतर मी स्वतः मोजलेलं होतं, ४.६ अँगस्ट्रॉम. थेट हायड्रोजन बंध असता तर २.८-३ च्या आसपास यायला हवं होतं. मी पेपरमध्ये त्याला 'वीक इंटरॅक्शन' म्हणून पुढे गेले होते. तो प्रश्न वाचल्यावर त्या आकड्याकडे बघितलं आणि पोटात गोळाच आला, कारण दोघांच्या मधे बरोब्बर एक पाण्याचा रेणू बसेल एवढीच ती जागा होती. आणि ते पाणी माझ्याकडे कुठेच नव्हतं. चेकपॉइंट (रन थांबला तर तिथून पुढे चालू करायच्या फाइल) होते, पण त्यात फक्त शेवटचा क्षण असतो, मधला सगळा प्रवास गेलेला. बरं परत चालवलं तरी तीच ट्रॅजेक्टरी परत मिळत नाही, शेवटच्या दशांशात कुठेतरी फरक पडतो आणि थोड्याच वेळात सगळं वेगळ्या वाटेने जातं. म्हणजे जे निघून गेलं ते निघूनच गेलं.

गाईडना सांगायला गेले तेव्हा आवाज फुटत नव्हता. (त्यांना नुसत्या नावाने हाक मारायची सवय व्हायलाच मला वर्ष लागलं होतं.) त्यांनी ऐकून घेतलं, दोन मिनिटं गप्प बसले आणि म्हणाले, परत लाव. अडीच महिने गेले त्यात. आणि हो, पाणी होतं तिथे. एकच रेणू, एका बाजूला ॲस्पार्टेट आणि दुसऱ्या बाजूला लिगँड धरून बसलेला, मधे कधीतरी निघून जायचा आणि लगेच दुसरा येऊन त्याच जागी बसायचा. मी रात्री लॅबमध्ये एकटी ते बघत बसले होते किती तरी वेळ. पेपरचं मुख्य चित्र बदललं, शीर्षकसुद्धा बदललं.

मला या गोष्टीचं जास्त लागलं त्याला एक कारण आहे. मी लातूरची. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून पाण्याची रेल्वे आमच्याकडे आली, पहिल्या फेरीत १० वाघिणी, ५ लाख लिटर. त्याआधी मार्चमध्ये पाण्याच्या ठिकाणी भांडणं नकोत म्हणून गावात जमावबंदी लावली होती. मांजरा धरण कोरडं. मी तेव्हा पुण्यात एमएस्सीच्या शेवटच्या वर्षाला, आणि प्रोजेक्ट काय तर पाण्याचं सिम्युलेशन! ग्रोमॅक्स या सिम्युलेशनच्या सॉफ्टवेअरसोबत एक छोटी फाइल येते, तिच्यात पाण्याचे २१६ रेणू असतात, सहा गुणिले सहा गुणिले सहा, तीच पेटी शेजारी शेजारी रचून मोठी पेटी भरायची. मी होस्टेलवर त्या २१६ रेणूंचं तापमान नीट राहतंय का बघत बसायचे आणि घरी आई कपडे धुतलेलं पाणी संडासात टाकायला बादलीत साठवत होती. फोन ठेवला की मला कामाला बसवायचं नाही. पण तेव्हाच कधीतरी पक्कं ठरलं की करायचं तर पाण्यावरच.

२१६ चा आकडा जुना आहे. १९७१ मध्ये अनीसुर रहमान आणि फ्रँक स्टिलिंजर यांनी द्रव पाण्याचं जे सिम्युलेशन केलं त्यात तेवढेच रेणू होते. रहमान मूळचे हैदराबादचे, जन्म १९२७ चा, म्हणजे आमचं लातूर निजामाच्या राज्यात होतं त्या काळातले. १९६४ मध्ये त्यांनी अमेरिकेतल्या आरगॉन नॅशनल लॅबमध्ये आरगॉन वायूच्याच ८६४ अणूंचं, द्रवरूपातलं, सिम्युलेशन केलं. आज आम्ही जे करतो त्याचा पाया तिथे आहे. आपल्याकडे शाळा-कॉलेजात मी त्यांचं नाव कधीच ऐकलं नाही, थेट नेदरलँड्समध्ये ऐकलं, आणि मला त्याचं खरंच वाईट वाटतं.

पहिलं प्रोटीन सिम्युलेशन १९७७ चं, बीपीटीआय नावाच्या छोट्या प्रोटीनचं, जेमतेम ९ पिकोसेकंद (एक पिकोसेकंद म्हणजे मायक्रोसेकंदाचा दहा लाखावा भाग), आणि भोवती पाणी नव्हतंच. परवडणारच नव्हतं तेव्हा. पाण्याची चांगली मॉडेल त्यानंतर आली, त्यातलं एसपीसी/ई हे १९८७ चं, ग्रोनिंगेनचंच, बेरेंडसेन सरांचं. ऑक्सिजनवर उणे ०.८४७६ चार्ज. हा आकडा मला घरच्या फोन नंबरसारखा पाठ आहे. तीन बिंदू, तीन चार्ज, बस्स एवढंच ते पाणी. तरी खोलीच्या तापमानाला ते कितीतरी बाबतीत खऱ्यासारखं वागतं, पण त्याचा बर्फ मात्र वितळतो उणे ५८ ला, आणि टीआयपी३पी म्हणून दुसरं लोकप्रिय मॉडेल आहे त्याचा तर उणे १२७ च्या आसपास! आज सकाळी इथल्या ब्रुन्सविकेन तळ्यावर लोक स्केटिंग करत होते, बाहेर उणे सात. मी काठावर उभी राहून तेच मनात आणत होते, की हे खरं पाणी किती सहज गोठतं, शून्याला बरोबर, आणि आम्ही इतकी वर्षं वापरतोय तरी या दोन्ही मॉडेलांत ते येत नाही.

जून २०२२ ला पीएचडीचा डिफेन्स, म्हणजे शेवटची तोंडी परीक्षा, झाला. आई-बाबा आले होते, दोघांचा पहिलाच विमानप्रवास. तिकडे ठरलेली वेळ संपली की झगा घातलेल्या बाई काठी घेऊन आत येतात आणि 'होरा एस्ट' (लॅटिनमध्ये 'वेळ झाली') म्हणतात, मग तुम्ही अर्ध्या वाक्यात असलात तरी गप्प. बाबांना ते फार आवडलं. आई मात्र आदल्या दिवशी कालव्याच्या काठी बराच वेळ उभी होती. मग म्हणाली, "एवढं पाणी गं, आन् कोणीच भरून ठेवंना?"

त्यानंतर इकडे स्टॉकहोमला पोस्टडॉक. ग्रोमॅक्सही असंच ग्रोनिंगेनला जन्मून स्वीडनला आलं. आता मोठे रन फिनलंडमधल्या लुमी या सुपरकॉम्प्युटरवर चालतात, ते मशीन जलविद्युतवर चालतं आणि त्याच्या उष्णतेने कायानी गावातली घरं गरम होतात. काम मनासारखं आहे. कॉन्ट्रॅक्टचे मात्र आठ महिने उरलेत आणि पुढचं काही माहीत नाही, पुण्यात दोन ठिकाणी अर्ज टाकलेत, बघू. त्यावर आज लिहीत नाही, लिहिलं की झोप जाते.

तर त्या मुलीला हे सगळं सांगितलं, ४.६ सकट. मग दोघींनी बसून हिशोब केला. दर १० पिकोसेकंदांऐवजी ५० ला एक फ्रेम लिहायची, म्हणजे फाइल एक पंचमांश होते आणि पाणी राहतं. तिच्या प्रश्नाला तेवढं पुरे आहे. तिने सेटिंगची फाइल पाठवली, मी ओळ न् ओळ वाचली.

संध्याकाळी आईशी बोलले. उद्या नळ येणार म्हणून तिला पहाटे उठायचं होतं, लवकर फोन ठेवला तिने.

त्या मुलीचा रन आत्ताच बघितला, अजून पेंडिंग दाखवतोय.