ठसका लागला नाही म्हणजे गिळणं ठीक आहे असं नाही

बाबांना स्ट्रोक आला तेव्हा आमचं सगळं लक्ष हातापायाकडे आणि बोलण्याकडे, गिळणंही बिघडू शकतं हे डोक्यातच नव्हतं. पाणी प्यायले की आवाज ओलसर, घरघरल्यासारखा यायचा, पण ठसका नाही म्हणून आम्ही निर्धास्त. मग ताप, मग न्यूमोनिया.

स्पीच थेरपिस्टनी नंतर समजावलं की स्ट्रोकमुळे घशातली संवेदनाच कमी होऊ शकते, मग पाणी श्वासनलिकेत उतरलं तरी खोकला येत नाही, याला सायलेंट अ‍ॅस्पिरेशन म्हणतात. बाहेरून ते खात्रीने कळत नाही, बेरियम (एक्सरेत उठून दिसणारा पदार्थ) घातलेलं खायला देऊन एक्सरेचा व्हिडिओ काढतात नाहीतर नाकातून बारीक कॅमेरा घालून बघतात. सुरुवातीच्या दिवसांत जवळपास निम्म्या पेशंटना गिळायचा त्रास असतो, म्हणून तोंडाने काहीही द्यायच्या आधी गिळणं तपासून घ्याच, हे मला अगदी कळकळीने सांगायचंय.

मग व्यायाम सुरू झाले. उताणं झोपायचं, उशी नाही, खांदे न उचलता फक्त डोकं उचलून पायाची बोटं बघायची, 1 मिनिट धरायचं, 1 मिनिट आराम, असं 3 वेळा आणि मग 30 वेळा नुसतं वर-खाली, दिवसातून तीनदा. याला शाकेर एक्सरसाइज म्हणतात. हनुवटीखालचे स्नायू बळकट झाले की गिळताना स्वरयंत्र नीट वर उचललं जातं आणि अन्ननलिकेचं तोंड उघडतं. बाबांना पहिल्या आठवड्यात 10 सेकंदही जमेना, मानेचा त्रास असेल तर हा करायचाही नसतो. दुसरा मेंडेलसनचा, गिळताना कंठमणी वर गेला की तो दोन-तीन सेकंद तिथेच धरून ठेवायचा, हे समजायलाच त्यांना चार दिवस लागले. हनुवटी छातीकडे घेऊन गिळणं किंवा मान कमजोर बाजूला वळवून गिळणं, यातलं काय कोणाला लागू पडेल ते तपासणीतच ठरतं, व्हिडिओ बघून घरी सुरू करू नका.

पाणी घट्ट करून द्यायचं कारण ते हळू उतरतं, श्वासनलिका बंद व्हायला वेळ मिळतो. पण ते कोणालाच आवडत नाही, पेशंट कमी पितात आणि शरीरातलं पाणी कमी होतं, म्हणून किती प्यायले ते आम्ही लिहून ठेवायचो. आणि दात, जीभ रोज स्वच्छ, कारण तोंडातले जंतूच फुप्फुसात जातात.

अजूनही जेवण झालं की बाबांना "आ" म्हणायला लावतो, आवाज ओला वाटला तर खाकरून परत गिळायला सांगतो, आणि अर्धा तास आडवं होऊ देत नाही.