तुम्ही विचारलंत म्हणून: अंतराला विमानाच्या वेगाने भागलं, भागाकार बरोबर, मग प्रवासाची वेळ का चुकते?

लंडन ते न्यूयॉर्क साधारण 5,550 किलोमीटर. मोठं विमान ताशी 900 किलोमीटरने जातं. म्हणजे सहा तास दहा मिनिटं झाली, मग तिकिटावर आठ तास कसे? शहरांची नावं बदलतात, प्रश्न हाच असतो.

आधी अंतर. पृथ्वीगोलावर दोन शहरांमध्ये दोरा ताणून धरा, तो सगळ्यात जवळचा मार्ग. उत्तर गोलार्धात सपाट नकाशावर तो उत्तरेकडे फुगलेला दिसतो, म्हणून उगाच वळसा घेतल्यासारखा वाटतो. अक्षांश-रेखांशांवरून स्वतः हिशेब करणारे हमखास एका ठिकाणी फसतात: 40 अंश 30 मिनिटं हे ते 40.30 असं भरतात. खरा आकडा 40.5, कारण 30 मिनिटं म्हणजे अर्धा अंश. एवढ्याने अक्षांशात 22 किलोमीटरचा फरक पडतो. पश्चिम रेखांशाचं उणे चिन्ह विसरलात, तर विचारूच नका.

आता वेळ. तिकिटावरची वेळ उड्डाणाची नसते. विमान गेटवरून मागे ढकललं की ती सुरू होते आणि पलीकडच्या गेटला लागलं की संपते. धावपट्टीपर्यंत जाण्यातच दहा-वीस मिनिटं सरतात. अनेक देशांत 10,000 फुटांखाली 250 नॉट, म्हणजे ताशी 463 किलोमीटरची मर्यादा असते. पुढे 35,000 फूट गाठेपर्यंत वीस-पंचवीस मिनिटं लागतात. म्हणून भागाकारात अर्धा-पाऊण तास मिळवा. लहान जेट असेल तर वेग 830 धरा. हजार किलोमीटरला मग पावणेदोन-दोन तास येतात. जवळच्या प्रवासात हा वरचा अर्धा तासच भारी पडतो.

लांबच्या प्रवासात खरा खेळ वाऱ्याचा. मध्य अक्षांशांवर जेट प्रवाह, म्हणजे खूप उंचावरचा जोराचा वारा, पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतो, हिवाळ्यात अधिक जोराने. 6,000 किलोमीटर, वेग 900, वारा 100 असं धरा. वारा नसेल तर 6 तास 40 मिनिटं. वारा पाठीशी असेल तर 6 तास, समोरून असेल तर साडेसात. जाताना वाचली चाळीस मिनिटं, येताना गेली पन्नास. जाऊन-येऊन फिटंफाट होत नाही, कारण समोरच्या वाऱ्यात विमान जास्त वेळ अडकतं. (पृथ्वी फिरते म्हणून फरक पडतो, हे मात्र खरं नाही. हवाही तिच्याबरोबरच फिरते.) फेब्रुवारी 2020 मध्ये एक बोइंग 747 विमान न्यूयॉर्कहून लंडनला 4 तास 56 मिनिटांत पोहोचलं. जमिनीच्या हिशेबात ते ताशी 1,300 किलोमीटरच्या वर गेलं होतं, पण हवेतला त्याचा वेग नेहमीचाच होता.

कधी आकाशच बंद असतं. रशियाची हवाई हद्द 2022 मध्ये बंद झाल्यावर हेलसिंकी-टोकियो साडेनऊ तासांवरून तेराच्या आसपास गेलं. अंतर तेच, मार्ग वेगळा.

शेवटी वजाबाकी. तिकिटावर दोन्हीकडची स्थानिक वेळ असते. न्यूयॉर्कहून संध्याकाळी 7 ला निघून लंडनला सकाळी 7 ला उतरलात, तर बारातून पाच वजा (लंडनचं घड्याळ पाच तास पुढे असतं), म्हणजे सात तास. मार्चमधले दोन-तीन आठवडे मात्र चारच वजा करा. उन्हाळ्यासाठी घड्याळं तासभर पुढे करतात, आणि अमेरिकेतली ब्रिटनच्या आधी पुढे जातात.